कढईसमोरच्या बाई

बाई स्वतः तळलेलं कधी खात नसत. उपास नव्हता, पथ्य नव्हतं. अकरा माणसांच्या घराला पुरतील एवढ्या पुऱ्या, भजी, कुरडया तळून व्हायच्या, सगळ्यांची जेवणं आटपायची आणि मग बाई भिंतीकडेच्या पाटावर बसून भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा खायच्या. वर तांब्याभर पाणी. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीत मला वाटलं, नव्या जावेसमोर मोठेपणा चाललाय. म्हणून मी त्यांच्या ताटात चार करंज्या वाढल्या. त्यांनी त्या उचलून माझ्या ताटात ठेवल्या. "वासानंच भरलंय पोट," म्हणाल्या. "तू खा. तुझं अजून कढईपाशी उभं ऱ्हायाचं वय न्हाई झालं."

ते वय माझं कधी झालंच नाही, कारण बाई होत्या.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नेवाशाच्या बाजूला आमची वस्ती आहे. ऊस, थोडा कांदा, चार म्हशी. थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, शेती बघतात. धाकट्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वायरमनचा कोर्स केला आणि श्रीरामपुरात आम्ही दुकान टाकलं. पंखे, मिक्सर, गिझर, इस्त्र्या. तो दुरुस्तीला हिंडतो, दुकानात मी बसते. सणावाराला आणि महिन्यातून दोन रविवारी आम्ही वस्तीवर जायचो. गाडी रस्ता सोडून उसाच्या बांधाने आत वळली की पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या वासावरून मी सांगायची, आज काय तळलंय ते.

तेल तापलं की नाही हे बाई डोळ्यांनी बघत नसत. कणकेचा बोराएवढा गोळा तेलात टाकायच्या आणि पाठ वळवून पुढची पुरी लाटायला घ्यायच्या. "बोललं," म्हणायच्या. म्हणजे तेल तयार. तळण आत पडलं की कढई कलकलायची, मग तो आवाज हळूहळू बसत जायचा आणि नेमक्या वेळी बाई पाठमोऱ्याच सुनेला सांगायच्या, "सारिके, काढ. गप झालं बघ." सारिका झारा घालायची. एकही पुरी कच्ची नाही, एकही लाल नाही. मी विजेच्या वस्तू विकते. आकडा दाखवणारी काच नसेल तर मला उष्णता कळत नाही. बाईंच्या त्या कानाचा मला हेवा वाटायचा.

आणि तळण नेहमी दार-खिडक्या लावून. हा त्यांचा कडक नेम. कढई चढवायच्या आधी बाई मागचं दार लावायच्या, दोन्ही खिडक्यांच्या झडपा ओढायच्या, उंबऱ्याच्या फटीला पोतं सारायच्या. तळणाला नजर लागते. मग पुऱ्या तेल पितात, करंजी उकलते, अनारसे हसतात, म्हणजे तेलात फुटून विरघळून जातात. हे काही बाईंनी काढलेलं नव्हतं. त्यांना सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. एका सणाला मी गुदमरले आणि खिडकी उघडली. बाई लाटणं हातात घेऊनच आल्या.

"कोन हाय गं बाहीर?"

"कुणी नाही. वारा यावा म्हणून उघडली."

"वाऱ्यासंगं डोळं बी येत्यात. लाव आधी."

"बाई, बाहेर नुसता ऊस आहे."

"उसातनं बघनारी बी हायेत. तुला शहरात बसून कळायचं न्हाई."

मी खिडकी लावली. पंधरा मिनिटांनी डोळे पुसत पडवीत जाऊन बसले. बाई आत तीन तास राहिल्या. मला दुपारी दुकान उघडायचं होतं. मला नेहमीच कुठेतरी जायचं असायचं.

आखाड हा बाईंचा खरा महिना. आमच्याकडे आखाड तळतात. सासरी नांदणाऱ्या लेकींना माहेरून डबा जातो. गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. आमच्या घरच्या लेकी तीन, पण बाईंचे डबे नऊ-दहा असायचे. भावकीत ज्यांच्या आया थकल्या होत्या किंवा गेल्या होत्या, त्या सगळ्या मुलींचा आखाड बाईंकडे. कोपरगावला दिलेली त्यांची शुभांगी फोनवर चिडायची, "आई, माझा एक डबा कर नि बस. साऱ्या भावकीच्या पोरींचा मक्ता घेतलाय का तू?" बाई म्हणायच्या, "जिची आई न्हाई तिला आखाड नसतू व्हय?" दोन दिवस कढई उतरायची नाही. दादा पडवीतून ओरडायचे, "हिला खरं कढईला दिली हुती. चुकून माझ्या गळ्यात पडली." आतून बाईंचं उत्तर यायचं, "पडले म्हनून जेवताय तरी."

लग्नसराईत त्यांना बोलावणी यायची. रुखवताच्या करंज्या, अनारसे करायचे तर बाईच हव्यात. स्वतःचा झारा फडक्यात गुंडाळून त्या जायच्या आणि दुसऱ्याच्या घरातही आधी खिडक्या लावायच्या. एकदा मी बरोबर गेले होते. पत्र्याची खोली, वैशाख, आत दोन कढया. नवरीची आई दर तासाला दार किलकिलं करून चहा आत सरकवायची आणि लगेच दार ओढून घ्यायची. संध्याकाळी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा तेलाने चकाकत होता आणि आवाज बसला होता. हातात चोळीचा खण. "एक बी अनारसा हासला न्हाई," म्हणाल्या. त्यांना झालेला आनंद खरा होता. तो मी त्यांच्यापासून काढून घेणार नाही.

तळणासोबत ठसका आलाच. आधी कढई उतरली की थांबायचा. मग झोपेपर्यंत टिकायला लागला. मग दिवाळीत सुरू झालेला संक्रांतीला थांबायचा. पुढे थांबायचाच बंद झाला. आम्ही त्याला 'बाईंचा ठसका' म्हणायचो, जसा एखाद्याचा चष्मा असतो तसा तो बाईंचा. विहिरीवर ऐकू गेला की दादा शेजारच्याला म्हणत, "चला, भजी झाली." सगळे हसायचे. मीही हसले आहे. बाई म्हणायच्या, "तेलाचा हाय, जातू." गावातल्या डॉक्टरकडून खोकल्याची बाटली यायची, ती संपली की दुसरी. पुढे पिठाची परात उचलताना त्या थांबायला लागल्या. गोठ्यापर्यंत जाताना मध्ये भिंत धरायला लागल्या. वय झालं, असं आम्ही म्हणालो. साठ हे काही वय नव्हे, हे मला स्वतःची पन्नाशी आल्यावर कळलं.

त्याच सुमाराला आमच्या दुकानात एअर फ्रायर आले. आले तसे प्रश्नही आले. "ताई, घेण्यासारखा आहे का?" खोटं सांगून माल खपवायची मला सवय नाही, कारण गिऱ्हाईक याच गावात राहतं आणि बाजारात गाठ पडते. म्हणून एक डेमोचा पीस मी घरी नेऊन महिनाभर वापरला. बटाट्याच्या फोडी, पनीर, कोंबडीच्या तंगड्या चांगल्या होतात. शेंगदाणे भाजायला तर उत्तम, एकही काळा पडत नाही. पुरी फुगत नाही. भज्यांचं पीठ जाळीतून गळतं. अनारशाचं नावही काढू नका. तारेच्या घासणीने घासू नका, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावू नका. तीन-चार माणसांचं घर असेल तर घ्या. त्याच्यावर असेल तर टोपलीमागून टोपली लावत बसाल आणि शेवटचा जेवायला बसेपर्यंत पहिल्याचा हात वाळलेला असेल. हे मी दिवसातून चार वेळा सांगायची. माझं पाठ झालं होतं. कुणी तोंड उघडायच्या आत मी विचारायची, घरात माणसं किती?

आखाडाच्या महिनाभर आधी शुभांगीचा फोन आला.

"काकू, आईसाठी एअर फ्रायर घ्यावा म्हणते मी. तिला कढईपाशी उभं राहवत नाही आता. परवा माझ्याशी बोलताना दोनदा थांबली."

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"काकू, आपलं घर आहे ते."

"तेच म्हणते. अकरा माणसांना ते कसं पुरायचं? रविवारी डेमोचा पीस नेते वस्तीवर. सगळ्यांना करून दाखवते, मग ठरवू."

तिने आईच्या दमाबद्दल विचारलं होतं. मी टोपलीच्या आकाराबद्दल उत्तर दिलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला पुढे बरेच दिवस जायचे होते.

रविवारी मी पीस नेला. ओट्यावर जागा केली, बटणं समजावून दिली. बाईंचा हात सवयीने खिडकीच्या झडपेकडे गेला. "राहू द्या, याला धूर नाही," मी म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला. पडवीत सगळे पंगतीला बसल्यासारखे बसले होते, परीक्षकांसारखे. पहिल्या खेपेला कापण्या. दादांनी एक दातात धरली आणि काढून बघितली. "ही कापनी हाय का कौल?" पुरी सपाट राहिली. सारिका म्हणाली, "आत्या, फुगायची वाट बघून झोपली ही." कुरडई कडेला करपली आणि मध्ये कच्ची. भज्यांचं पीठ खाली सांडून तिथेच भाजलं गेलं.

"हे तळन न्हाई," बाईंनी निकाल दिला. "हे शेकनं हाय."

मग मी बरोबर आणलेले बटाट्याचे समोसे काढले, वरून तेलाचा हात फिरवला आणि लावले. ते खरंच छान झाले. पण एका वेळी सहा. दुसरी खेप लावली आणि वस्तीवरची वीज गेली. "आता उरलेल्यांनी वास घ्यायचा," दादा म्हणाले आणि पडवी हसायला लागली.

मी आत वळले तर बाई पाटावर बसून समोसा खात होत्या. एक संपवून त्यांनी दुसरा अर्धा मोडून घेतला. "चांगला झालाय गं, सुमन," म्हणाल्या. "भूक लागली आज."

"बघा, तुम्हीपण खाल्लात," मी म्हणाले. एवढंच. माझं डोकं खेपा मोजण्यात होतं. जी बाई माझ्या डोळ्यांदेखत सव्वीस वर्षं तळणानंतर नुसती भाकरी खात आली, तिला आजच भूक का लागावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या सकाळी त्यांना ठसकाही लागला नव्हता. ते मला सारिकाने फार नंतर सांगितलं.

मी खोक्यात भरायला लागले, तशा बाई जवळ आल्या.

"ठिवून जा की आठ दिस."

"कशाला? बघितलंत ना, आपल्यातलं काहीच येत नाही त्यात."

"शिकंन हळूहळू."

"बाई, अकरा माणसांत याचा काय उपयोग? चार माणसांच्या घराचं काम आहे हे. आणि डेमोचा पीस आहे, दुकानात लागतो."

खोक्याचं झाकण मी दाबून धरलं, त्यांनी चिकटपट्टी लावून दिली. "व्हय," म्हणाल्या, "आखाड आला बी. ह्यात कापन्या व्हत न्हाईत, ते खरं."

बाई कुणाकडे काही मागत नसत. त्या घरात मी गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे एवढी एकच वस्तू मागितली, तीही आठ दिवसांपुरती. आणि गंमत अशी की मी बरोबर होते. त्या यंत्राबद्दल मी त्या दिवशी जे सांगितलं, त्यातलं एक अक्षर आजही मला बदलता यायचं नाही. संध्याकाळी शुभांगीला फोन केला, "नाही घेण्यासारखा." ती बरं म्हणाली. दुकानदारीण काकूवर ती कशाला अविश्वास दाखवेल?

आखाडात बाईंनी दोन दिवस कढई लावली. नऊ डबे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका पीठ आणायला मागच्या खोलीत गेली. परत आली तर तेलातल्या कापण्या काळ्या पडत होत्या आणि बाई ओट्याची कड धरून खाली बसल्या होत्या. ओठ निळे पडलेले. बोलता येत नव्हतं. हाताने गॅसकडे दाखवत होत्या, बंद कर म्हणून.

शेजारच्या वस्तीवरची जीप काढली. श्रीरामपुरात दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तिथून नगरला नेलं. मी दुकानाला कुलूप लावून तशीच गेले. तिसऱ्या दिवशी तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी दादांना आणि मला आत बोलावलं. फोटो उजेडाला धरला.

"विडी ओढतात का?"

दादांना हसू आलं. "न्हाई ओ. मिस्रीसुदिक न्हाई लावत."

"चूल होती घरात?"

"हुती की. ग्यास येऊन पंधरा वर्सं झाली आसतील."

"आता तळण वगैरे जास्त असतं?"

दादा माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणाले.

"स्वयंपाकघराला खिडकी आहे?"

"हायेत. दोन हायेत," दादा म्हणाले, जरा अभिमानानेच. घर त्यांनीच बांधलं होतं.

"उघड्या असतात?"

"नसतात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. आधी चुलीचा धूर, मग जळक्या तेलाचा, तोही कोंडून. अशा बायका आपल्याकडे नेहमी येतात, म्हणाले, आणि त्यांच्या घरच्यांना पहिला प्रश्न विडीचा विचारला की ते नेहमी हसतात. फुफ्फुसं गेली ती परत येत नाहीत. उरली आहेत तेवढी सांभाळायची. यापुढे त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मला माझं दुकान दिसत होतं. माझ्या खुर्चीच्या मागच्याच फळीवर भिंतीत बसवायचे, हवा बाहेर फेकणारे पंखे खोक्यांत रचलेले असतात. हातभर रुंदीचं भोक पाडलं की काम झालं. ते मी हॉटेलवाल्यांना विकत होते. पदार्थ कुरकुरीत होतो का, घराला पुरतो का, खाणाऱ्याच्या पोटात तेल किती जातं, हे सगळं मी त्या यंत्रात तपासून पाहिलं. तळणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं होतं ते शुभांगीने. तिला मी गप्प केलं.

बाई घरी आल्या त्या ऑक्सिजनच्या मशीनसकट. वस्तीवर विजेचा भरवसा नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने मशीनसाठी मोठा इन्व्हर्टर बसवला आणि त्याची वेगळी लाईन ओढून दिली. आम्हाला जे करता येत होतं ते आम्ही केलं, आणि आम्हाला तेवढंच करता येत होतं. मशीनजवळ जाळ चालत नाही, म्हणून बाईंची खाट पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेली. ओरडायला दम नव्हता. मग त्यांनी स्टीलची वाटी जवळ ठेवली. आत कढई लागली की त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि वेळ झाली की वाटी खाटेच्या लोखंडावर आपटायच्या. आतून सारिका म्हणायची, "काढते, काढते, आत्या." भावकीतल्या बायका भेटायला येत, पायापाशी बसत आणि जाताना विचारत, अनारशाला भिजवलेले तांदूळ किती दिवस ठेवायचे. बाई तीन बोटं दाखवायच्या.

दिवाळीनंतर मी नवा कोरा एअर फ्रायर घेऊन गेले. डेमोचा नव्हे. खोका बघून बाईंनी नाकावरची नळी सारखी केली.

"आनलास व्हय?"

"सारिकाला होईल."

"माझं तळन सुटलं... तवा आनलास." रागाने म्हणाल्या नाहीत. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत होता.

मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी ठेवायला पाहिजे होता. चुकलं माझं."

माझ्या तोंडून असं वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं. "ठिवला आसतास तर... आठ दिस वाचलं आसतं," म्हणाल्या. "चाळीस वरसांचं... काय करनार हुतीस?"

मग त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"सारिकेला म्हनावं... खिडकी उघडी ठिवून तळ. लागू दे नजर."

"सांगते."

"अनारसं हासलं तर हासू दे म्हनावं."

बाई पौषात गेल्या, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सारिका चहा घेऊन आली तेव्हा. मशीन चालूच होतं. आम्ही श्रीरामपुराहून पोचेपर्यंत कुणाला ते बंद करायचं सुचलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने जाऊन बटण दाबलं. मग घरात किती शांत झालं ते सगळ्यांना कळलं, आणि तेव्हा दादा रडले.

पुढच्या आखाडात भावकीतल्या एका लेकीने सारिकाला फोन केला, यंदा डबा कधी पाठवताय म्हणून. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि तिने फोन ठेवला. सारिकाने चार डबे केले, शुभांगीचा आणि ज्यांना आया नाहीत अशा तिघींचा. बाकीच्यांचं जमलं नाही. जमवायला हवं असं मीही तिला म्हणाले नाही.

दुकानात एअर फ्रायर अजून खपतात. मागच्या महिन्यात चाळिशीतला एकजण आला. कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, जीभ काही ऐकत नाही. घेण्यासारखा आहे का?

"घरात तळतं कोण?" मी विचारलं.

"आई. का?"

"वय काय त्यांचं?"

"पासष्ट असेल. ताई, मी मशीनबद्दल विचारतोय."

"त्यांना घेऊन या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला सांगता यायचं नाही."

"तिला काय कळतंय यातलं? खाणारे आम्ही आहोत."

"म्हणूनच म्हणते, त्यांना आणा."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग वाटलं मला विकायचं नाहीये. "दुकान कशाला उघडलंय मग?" म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. गिऱ्हाईक गेल्याचं मला काही वाटलं नाही. मला त्याच्या आईला एकच विचारायचं होतं, खोकला येतो का. पण त्याचा पत्ता विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.